बैलाशिवायचं पाणी

"ही भेंडी कुणी लावली?" पूर्णाआत्यांनी काठीचं टोक डब्याला टेकवून विचारलं.

"मी."

"बी कुठलं?"

"घरचं. मागच्या वर्षीची एक भेंडी वाळवून ठेवली होती."

"आणि माती?"

"ओढ्यातून आणली, पिशव्या भरून. नाना आणि मी, चालत."

"नाना चालत गेला?"

आत्यांनी मागे वळून माझ्या वडिलांकडे बघितलं. नाना कोर्टात बेलिफ होते. जन्मभर लोकांच्या दारावर समन्स डकवत हिंडलेला हा माणूस, पण थोरली बहीण समोर आली की स्वतःच पिंजऱ्यात उभा असल्यासारखा हात बांधून घ्यायचा. "चालत, अक्का," ते म्हणाले. "दोन खेपा झाल्या. मी सायकल न्यायची म्हणत होतो, उर्मीच नको म्हणाली."

"सायकल चालली असती. सायकलला कुठे शेपूट आहे," आत्या म्हणाल्या आणि पुढच्या डब्याकडे वळल्या.

सत्त्याऐंशी सालच्या गणेशचतुर्थीची दुपार होती ती. खाली देवघरात गणपती बसला होता, एकवीस मोदकांपैकी बरेचसे आमच्या पोटात बसले होते आणि भाद्रपद उजाडूनही आभाळात नावाला ढग नव्हता. गच्चीवर ऊन असं होतं की आत्यांनी डोक्यावर ओला पंचा घेतला होता. आई जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर दोन्ही गुडघे धरून बसली होती. तिच्या व्रताचा निकाल लागायचा होता.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी व्रत करणाऱ्या बायका बैलाच्या श्रमाचं काही खात नाहीत. नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, मोटेच्या पाण्यावरचा भाजीपाला नाही. परसात हातानं लावलेलं, हातानं जोपासलेलं असेल तेवढंच चालतं. सगळ्या भाज्या एकत्र करून एकच भाजी शिजवायची, तिच्यात फोडणीसुद्धा नाही, आणि ती भगरीबरोबर जेवायची. सात वर्षं हे करायचं आणि सातव्या वर्षी सात बायकांना जेवायला घालून व्रत संपवायचं, त्याला उद्यापन म्हणतात.

आईचं सातवं वर्ष खरं म्हणजे मागच्या वर्षीच झालं होतं. पण ऐन पंचमीच्या सकाळी आत्यांना भाजीत बटाटा सापडला. मंडईतल्या बाईनं आईला शपथ घालून सांगितलं होतं, की हा बटाटा हातचा आहे. आत्यांनी तो बटाटा उचलून आईपुढे धरला आणि विचारलं, "मंदा, एवढा बटाटा त्या बाईनं काय उलथन्यानं उकरून काढला?" आणि ते वर्ष बाद झालं. सात बायका बोलावून झाल्या होत्या, त्या साधा वरणभात जेवून गेल्या. आई रात्रभर कुणाशी बोलली नाही.

म्हणून या वर्षी मी आईला सांगितलं होतं, की तुझी भाजी मी पिकवणार. सगळीच्या सगळी, आपल्या गच्चीवर. आई म्हणाली होती, "प्यायला पाणी नाही आणि तू भाजी पिकव." तिचं चूक नव्हतं. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. नळाला नऊ दिवसांनी एकदा पाणी यायचं, तेही अर्धा तास आणि तेही तपकिरी. आमच्या घरात पाण्याला वर्ण होते. तांदूळ धुतलेलं पाणी भांडी विसळायला, भांड्यांचं पाणी कढीपत्त्याला, अंघोळीचं पाणी परातीत उभं राहून गोळा करायचं आणि ते फरशी पुसायला. नानांचं दाढीचं पाणी मिरचीला जायचं आणि त्या मिरच्या फार तिखट निघाल्या म्हणून नानाच हातपाय आपटायचे.

पण ऋषीच्या भाजीला असलं पाणी चालणार नव्हतं. खरकटं नको, अंघोळीचं नको, असं आईनं पहिल्याच दिवशी बजावलं. म्हणून प्यायच्या पाण्याची जी गाडी आमच्याकडे यायची, त्या गाडीवाल्याला आईनं सांगितलं, की आखाडापासून एक दिवसाआड दोन डबे पाणी जास्तीचं आण. ते पाणी कशाला, हे त्याला मी सांगितलं. फार सविस्तर सांगितलं. भेंडी, दोडका, पडवळ, लाल माठ, अंबाडी, मक्याची चार ताटं, लाल भोपळ्याचा एक वेल आणि फुटक्या बादलीत अळू, अशी सगळी यादी त्याला दोनदा ऐकवली. त्यानं ती दोन्ही वेळा नीट ऐकून घेतली होती.

आता आत्या त्याच यादीवरून काठी फिरवत होत्या. फुटकी बादली, वनस्पती तुपाचे डबे, जुन्या टायरमध्ये भरलेली माती. प्रत्येक झाडाच्या बुडाशी मी एकेक छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरलं होतं. मडक्याच्या तळाला भोक आणि भोकात चिंधीची वात, म्हणजे पाणी थेंबथेंब मुळाशीच जातं आणि उन्हाला काही मिळत नाही. दोन डब्यांत माझी सगळी गच्ची भागायची. आत्यांनी वाकून एका मडक्यात बोट घातलं, ओलं बोट डोळ्यांपुढे धरलं आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"असंच. डोक्यातून," मी म्हणाले. ते खोटं होतं. वात घालायची युक्ती मला गाडीवाल्यानंच सांगितली होती.

"पडवळाला दगड बांधलाय, हे बरं केलंस. सरळ वाढलंय." आत्या आईकडे वळल्या. "मंदा, पोरीनं काम चांगलं केलंय हो."

आईनं दोन्ही हात जोडले, ते आत्यांना की ऋषींना ते कळलं नाही. मी तर हवेत होते. आत्यांनी कुणाला चांगलं म्हटल्याची आमच्या घरात नोंद नव्हती. त्या नाशिकहून येताना आईसाठी हिरवी इरकल आणि सात सवाष्णींसाठी सात खण घेऊन आल्या होत्या. माझ्यासाठी त्यांच्या पिशवीत नाशिकच्या एका बँकेतल्या मुलाचा फोटोही होता, तो त्या उद्यापन झाल्यावर काढणार होत्या. त्यांनाही हे उद्यापन व्हायला हवं होतं. फक्त नियमानं व्हायला हवं होतं.

"आणि हे पाणी?" आत्यांनी जाता जाता विचारलं.

"एकदम स्वच्छ," मी ऐटीत म्हणाले. "खरकटं नाही, अंघोळीचं नाही. विहिरीचं."

"कुणाच्या विहिरीचं?"

"श्रीरंगच्या. म्हणजे, त्यांच्या मळ्यात विहीर आहे. पाण्याची गाडी आहे ना त्यांची, तीच आणते."

"कसली गाडी?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. आईनंही तेवढ्यात ओळखलं, कारण तिचा हात तोंडावर गेला. गच्चीवर एक सत्यवचनी माणूस होता, त्यानं तेवढं ऐकू येईल असं सांगितलं.

"बैलगाडी," नाना म्हणाले.

आत्या उपड्या बादलीवर बसल्या. मला वाटतं त्यांना आमच्याइतकंच वाईट वाटलं असावं. माती हातानं आणली, बी हातानं लावलं, दगडसुद्धा हातानं बांधला, आणि दोन महिने त्या झाडांच्या मुळाशी जे पाणी ओतलं ते बैलांनी ओढून आणलेलं. घरात तीन शहाणी माणसं होती, एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

"वन्सं," आई म्हणाली, "मी पुन्हा नाही हं करणार. मी केलं असतं. माझे गुडघे नाही करणार."

"मी नियम केलेत का, मंदा?"

"तुम्ही नाही केलेत. पण तुम्हालाच ते सापडतात."

नानांनी आभाळाकडे बघितलं. आत्यांनी पंचा काढून कपाळ पुसलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "देवाला फसवायचं असेल तर मी खाली जाऊन झोपते. मी काही बघितलं नाही. पण तुझ्या घशाखाली उतरेल का ते, सांग."

आईला ते उतरलं नसतं. तिला हे व्रत खोटं संपवायचं नव्हतं आणि अर्धवटही ठेवायचं नव्हतं. ती पायरीवर बसल्या बसल्या रडायला लागली, आणि मी म्हणाले, "मी आलेच."

मी नानांची सायकल काढली. अंगावर गणपतीची जरीची साडी होती, तिचा काठ चेनमध्ये दोनदा अडकला. डोक्यात एकच बेत होता. श्रीरंगला गाठायचं, त्याला आत्यांपुढे उभं करायचं आणि त्याच्याकडून खोटं बोलवून घ्यायचं. पाणी बैलानं आणलं नाही, एवढं एक वाक्य. आईच्या घशात पाप अडकू नये म्हणून ते मी माझ्या आणि त्याच्या घशात घालणार होते. इतकी वाईट वेळ होती, आई घरी रडत होती, आणि मळ्याच्या रस्त्याला लागल्यावर मला चक्क गाणं म्हणावंसं वाटायला लागलं.

त्याचं कारण सांगूनच टाकते. श्रीरंग बी.एस्सी. झालेला होता, मास्तरकीची नोकरी लागायची वाट बघत होता, आणि पेरणीच झाली नाही म्हणून बैल मोकळे होते तर गावाला पाणी घालत होता. आमचं घर बोळाच्या अगदी आत, गाडी आत येत नसे. ती कोपऱ्यावर मारुतीपाशी उभी राहायची आणि तो कावडीनं डबे आत आणायचा. प्यायचं पाणी नऊ वाजता यायचं. झाडांचं पाणी मात्र तो पहाटे सहाला आणायचा, कारण झाडांना पहाटेच पाणी घालावं असं मी आईला कुठूनसं वाचून दाखवलं होतं. खरं म्हणजे ते मीच लिहिलं होतं.

तो आईला काकू म्हणायचा, नानांना साहेब म्हणायचा, गल्लीतल्या झाडून सगळ्या मुलींना ताई म्हणायचा. मला तो काहीच म्हणत नसे. दोन महिने रोजाआड पहाटे, डबे घेऊन गच्चीवर चढायचा, एकेक मडकं भरू लागायचा, आणि मला काही सांगायचं असलं की नुसता "हे बघा" म्हणायचा. "हे बघा, दोडक्याला फूल लागलं." "हे बघा, ही वात कुजली, बदलावी लागती." मी दिवसभर ते 'हे बघा' मनात घोळवायची. टायपिंगच्या क्लासात एकदा अख्ख्या ओळीत तेच टाइप केलं आणि बाईंनी कागद फाडला.

मळ्यात पोचले तेव्हा चिंचेखाली दोन्ही बैल बसले होते. त्यांची अंगं तुकतुकीत होती, शिंगांना पोळ्याचा रंग अजून होता, आणि ते माझ्याकडे इतक्या निवांतपणे बघत होते की मला त्यांचा राग आला. श्रीरंग विहिरीवर रहाटाचा दोर बदलत होता. पलीकडे त्याची आई सुपात भुईमूग घेऊन बसली होती. तिला सगळा मळा सोनामाय म्हणायचा. मला तिनं कधी बघितलं नव्हतं.

"हे बघा," श्रीरंग मला बघून म्हणाला, आणि पुढे त्याला काही सुचेना, कारण दाखवण्यासारखं तिथे काही नव्हतं. मीच तेवढी होते.

"तुम्हाला आमच्याकडे यायचंय. आत्ता," मी म्हणाले. "आमच्या आत्या आल्यात नाशिकहून. त्यांना सांगायचं, की झाडांचं पाणी बैलांनी आणलेलं नाही."

"बरं," तो म्हणाला. "सांगतो."

मी रस्ताभर त्याला समजावण्यासाठी जी वाक्यं तयार केली होती, ती सगळी वाया गेली. आणि मग मला उगीचच त्याचा राग आला, की इतक्या पटकन खोटं बोलायला तयार झालेला हा माणूस आहे तरी कसा.

"अहो, बरं काय? देवाच्या कामात खोटं बोलायचंय. माझ्या आईच्या व्रताचा प्रश्न आहे. पाप लागलं तर ते मला लागावं, तुम्हाला नाही, एवढं मी गणपतीला सांगून आलेय. पण तुम्ही निदान नाही तरी म्हणा एकदा."

"खोटं कशाला बोलायचं?"

"मग आत्यांना काय सांगणार आहात?"

"हेच. बैलांनी न्हाई आणलं."

"मग कुणी आणलं?"

श्रीरंग दोराची गाठ बघायला लागला. बांधून झालेली गाठ त्यानं सोडली आणि पुन्हा बांधली. तेवढ्यात सोनामायच्या सुपातले दाणे थांबले.

"आगं बाई," ती म्हणाली, "म्हंजी ते घर तुमचं व्हय?"

"कुठलं घर?"

"ह्यो पोरगा आखाडापासून पाचच्या ठोक्याला उठून जातो, ते घर. गाडी न्हाई, बैल न्हाई, कावड खांद्यावर टाकायची की चालला. दीड मैल जायचं, दीड मैल यायचं. म्या म्हणलं, बाबा, बैल बसून खाऊ लागलेत, गाडी जुंप की. तर म्हणतो, माय, ते पाणी बैलाचं चालत न्हाई. म्या म्हणलं कामून? तर म्हणतो, तूच न्हाई का पंचमीच्या भाजीसाठी आपल्या वाफ्याला कळशीनं पाणी घालत."

मी श्रीरंगकडे बघितलं. तो आता विहिरीत बघत होता.

"परवा पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळायला बसले," सोनामाय पुढे सांगायला लागली, "हळद आन लोणी घेऊन. बैलांच्या खांद्याला काय पण न्हाई झालेलं. आन ह्याचा बघितला तर हा एवढा घट्टा. मग काय, तेच लोणी ह्याला चोळलं. आधी ह्याचा खांदा मळला आन मग बैलांचा. ईचारलं, कुणापायी रं? तर गप."

ती मला खालपासून वरपर्यंत बघायला लागली. चेनच्या वंगणानं काळी झालेली जरीची साडी, विस्कटलेली वेणी, कपाळावर घाम. बघून झाल्यावर तिनं सूप पुन्हा हलवायला घेतलं आणि "बरं हाय," एवढंच म्हणाली.

मला हसू फुटलं. ते आवरेना. मी सायकलला धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, सायकल आडवी झाली तरी हसत होते. दोन महिने! पहाटे सहाला मी गच्चीवर केस विंचरून उभी राहायची आणि कोपऱ्यावर गाडी आहे की नाही हे एकदाही डोकावून बघितलं नव्हतं. घुंगरांचा आवाज येत नाही, हेही कधी लक्षात आलं नव्हतं. त्यानं सांगितलं नव्हतं, आणि मला सुचलं नव्हतं. एका माणसानं माझ्या पडवळापायी नव्वदएक मैल तुडवले होते आणि मी त्याला भोपळ्याच्या वेलाची माहिती देत बसले होते.

"तुम्ही सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणला असता," तो म्हणाला. "मग सहाला कशाला आलो असतो."

तो मळ्यातून निघाला तेव्हा त्यानं धुतलेला सदरा घातला होता. सायकल दोघांच्या मध्ये धरून आम्ही गावाकडे चालत आलो. रस्ताभर मी एकटीच बोलत होते. काय बोलत होते ते आज अडतीस वर्षांनी मला आठवत नाही, त्याला आठवतं. तो म्हणतो, मी अंबाडीविषयी बोलत होते, आणि तेच तेच दोनदा.

घरात सगळे गणपतीपुढे बसले होते. आईचे डोळे सुजले होते. मी दारातूनच सगळं सांगून टाकलं, धापा टाकत, उलटसुलट. आधी लोणी सांगितलं, मग कावड, मग बैल. नानांनी तीनदा थांबवून क्रम लावला. आई उठून उभी राहिली आणि श्रीरंगला "बस रे बाबा, बस," म्हणत राहिली, पण तो बसला नाही. आत्या पाटावर ताठ बसल्या होत्या.

"सदऱ्याची कॉलर बाजूला कर," त्या त्याला म्हणाल्या.

त्यानं केली. आत्यांनी चष्मा लावून खांदा बघितला. मग चष्मा काढला आणि साडीच्या पदरानं बराच वेळ पुसत राहिल्या. मला वाटलं, झालं, आता त्या हो म्हणतील.

"नाना, बैलाचं का चालत नाही, सांग," त्या म्हणाल्या.

"शास्त्र आहे, अक्का."

"शास्त्र आहेच. मी का ते विचारतेय. माझ्या सासूनं मला सांगितलं होतं. बैल जन्मभर ओढतो आणि ओढतोस का बाबा, असं त्याला कुणी विचारत नाही. वर्षातनं एक दिवस कुणीतरी त्याचं खाल्लं नाही, तर तेवढंच. बायकांनाच ते सुचणार." त्या श्रीरंगकडे वळल्या. "तुला विचारलं होतं का कुणी?"

"म्हंजी?"

"दीड मैलावरनं खांद्यावर पाणी आण, चालेल का तुला, असं विचारलं होतं का? काकूनं? हिनं?"

"न्हाई. त्यांना तर ठावकीच नव्हतं."

"म्हणजे विचारलं नाही." आत्यांनी काठी जमिनीला टेकवली. "मग ह्यात आणि बैलात फरक काय राहिला?"

आई मटकन खाली बसली. नाना म्हणाले, "अक्का, आता मात्र हद्द झाली," आणि आपण हे मोठ्यानं म्हणालो हे लक्षात येऊन गणपतीच्या समईची वात सारखी करायला गेले. मला मात्र आत्यांच्या चेहऱ्याकडे बघून कळलं, की त्या अडवत नाहीयेत. त्या वाट शोधत होत्या, आणि त्यांची वाट नेहमी नियमातूनच जायची.

"एवढं घाबरू नका," आत्या म्हणाल्या. "माणसाचं बरं असतं, त्याला मागाहूनही विचारता येतं. उर्मी, झाडं तुझी, पाणी तू घेतलंस. तू विचार. देवासमोर, तुझ्या तोंडानं. हा खुशीनं हो म्हणाला, की उद्याची भाजी मी स्वतः चिरेन."

मी श्रीरंगपुढे जाऊन उभी राहिले. खोलीत उदबत्तीचा वास होता, नानांची पाठ होती, आईचे सुजलेले डोळे होते. काय विचारायचं ते मला नीट माहीत होतं. तुम्ही पाणी खुशीनं आणलंत का, एवढंच. पाच शब्दांचा प्रश्न, त्याचं उत्तर मला मळ्यातच मिळालेलं होतं. मला दुसऱ्याच एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि घरातल्या सगळ्यात कडक बाईनं मला देवासमोर विचारायची परवानगी दिली होती. अशी संधी पुन्हा कधी मिळाली असती? आत्यांच्या पिशवीत तो फोटो तसाच होता. मला इतका आनंद झाला होता की आता थांबणं शक्यच नव्हतं.

"श्रीरंग," मी म्हणाले, "माझ्याशी लग्न कराल का?"

समईची वात नानांच्या हातून तेलात बुडाली. आई "उर्मे" म्हणाली.

"मी पाण्याचं विचार म्हणाले होते," आत्या म्हणाल्या.

त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग त्याच्या उघड्या खांद्याकडे बघितलं. मग त्या त्याला म्हणाल्या, "बरं, विचारलंय तिनं. तू काय म्हणतोस?"

श्रीरंग माझ्याकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"व्हय," तो म्हणाला. आणि मग आत्यांकडे वळून, हिशेब पुरा करायचा म्हणून, "पाणी पण खुशीनंच आणलं."